सावत्र जॉन

माणसं माझ्याकडे सरदार मागायला येतात आणि मी त्यांच्या पदरात बहुतेक वेळा मेंढपाळ टाकते. पस्तीस वर्षं माझा हाच धंदा आहे. आमच्या जिल्ह्याच्या कचेरीच्या तळमजल्यावर जुने दस्तऐवज ठेवलेले आहेत. दानपत्रं, मृत्युपत्रं, जहागिरीच्या न्यायसभांच्या चामड्याच्या गुंडाळ्या. बहुतेक सगळे लॅटिनमध्ये, आणि असल्या अक्षरात की लिहिणाऱ्यालाही ते दुसऱ्या दिवशी लागलं नसेल. मी ते वाचते आणि लोकांची घराणी लावून देते. एकेक पिढी मागे जायचं आणि प्रत्येक बापाचा पुरावा मागायचा. पुरावा नाही तो बाप नाही. कुणाच्या आजोबांनी सांगून ठेवलेलं असतं की आपण इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाच्या गलबतातून आलो, आणि तीन महिन्यांनी मला कळवावं लागतं की तुमच्या घराण्यातला सापडलेला पहिला पुरुष शेजाऱ्याच्या कुरणात डुकरं सोडल्याबद्दल न्यायसभेपुढे उभा आहे.

असं कळवताना मला मजा यायची. खोटं कशाला बोलू? नाक वर करून आलेला माणूस मान खाली घालून गेला की माझा दिवस चांगला जायचा. एनिड पार्सलोच्या नजरेखालून गेलं म्हणजे ते खरंच असणार, असं लोक म्हणत, आणि ते मला ऐकू येईल इतक्या जवळून मी मुद्दाम जात असे.

छप्पन सालच्या सप्टेंबरातली गोष्ट. मंगळवारी सकाळी दफ्तराचे प्रमुख हम्फ्री स्कीट यांनी माझ्या टेबलावर एक पत्र्याची पेटी आणून आदळली.

"पार्सलोबाई, तुमच्या वेनलोंचे कागद आलेत. एका वकिलाच्या माळ्यावर पडले होते. वर कबुतरांनी आपलं लॅटिन लिहिलंय, तेवढं पुसून घ्या."

"माझे कसले वेनलो? त्यांचा निकाल मी कधीच लावलाय."

"निकाल लावलेल्यांना परत उठून बसायची खोड असते," असं म्हणून ते चहा टाकायला गेले.

स्टोक वेनलो या गावाला ज्यांचं नाव आहे ते हे घराणं. फार मोठं नव्हे, पण चर्चमध्ये स्वतःचं वेगळं प्रार्थनादालन, चॅपल, बांधण्याइतकं होतं. सर ह्यू वेनलो तिथे थडग्यावर दगडाचा होऊन पाय जुळवून झोपलेला आहे, पायाशी कुत्रा. त्याचा मुलगा सर थॉमस. थॉमसचा मुलगा जॉन बापामागे चार वर्षांनी, चौदाशे पंधरा साली, तेराव्या वर्षी वारला आणि सगळी जमीन थॉमसच्या बहिणीकडे, इझाबेलकडे गेली. घराणं तिथे संपलं. निदान मी तरी ते तिथे संपवलं होतं.

पेटीत वरचेच तीन-चार कागद कामाचे होते. चौथा उलगडला. चौदाशे नऊ सालचं दानपत्र, सर थॉमसचं. मी सवयीने पहिल्या ओळी वरवर वाचल्या. सर्वांना कळावे वगैरे. मग पुढे असं होतं: ओढ्याकाठची गिरणी आणि तिच्यालगतची बारा एकर जमीन मी माझा धाकटा मुलगा जॉन, जो मला माझी दुसरी पत्नी मार्जरी हिच्यापासून झाला, त्याला आणि त्याच्या वंशजांना देत आहे. माझा थोरला मुलगा जॉन याने त्याला त्यात त्रास देऊ नये.

मी उठून उभी राहिले. खुर्चीचा आवाज झाला आणि पलीकडच्या टेबलावरच्या निवृत्त कर्नलनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी परत बसले, परत वाचलं, परत उठले. थोरला जॉन. धाकटा जॉन. दोघंही जिवंत, दोघंही एकाच बापाचे.

यात नवल काहीच नव्हतं, हेच तर मला खात होतं. त्या काळी बाप्तिस्म्याला जो धर्मपिता उभा राही तो आपलं नाव मुलाला देई. वरच्या जहागीरदाराचं नाव जॉन असलं आणि त्याला दोनदा धर्मपिता व्हायला बोलावलं, तर घरात दोन जॉन होत. आया थोरल्या जॉनला आणि धाकट्या जॉनला हाका मारत आणि कुणाचं काही अडत नसे. हे मी स्वतः व्याख्यानांतून सांगत आलेले. आणि सावत्र भावाला भावाची जमीन मिळत नसे, तर बापाच्या सख्ख्या बहिणीला मिळे, हा आमच्या जुन्या कायद्याचा विचित्र पण पक्का नियम. तोही मला पाठ होता. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या आणि हव्या त्या दिवशी दोन्ही मला सुचल्या नाहीत.

तो दिवस सदतीस सालचा. स्टोक वेनलोचे एक खोगीर शिवणारे कारागीर होते, कथबर्ट वेनलो. त्यांचं पत्र आलं होतं. घराणं गिरणीवाल्यांचं, त्यांच्या आजोबांपर्यंत गिरणी त्यांच्याचकडे. पत्र वहीच्या कागदावर, अक्षर मोठं आणि सरळ. त्यांच्या बायकोला, एडिथला, डॉक्टरांनी काही आठवडे दिले होते. चर्चमधल्या चॅपलच्या जमिनीखाली वेनलोंचं दफनाचं भुयार आहे, आणि ह्यूच्या जुन्या सनदेनुसार त्याच्या रक्ताच्या कुणालाही, बायकोसकट, तिथे जागा मिळते. पाद्री म्हणाले होते की दाखला आणा, मग बघू. पुढचं मला शब्दाशब्दासकट आठवतं, कारण मी त्यावर हसले होते. 'माझी बायको नदीकाठच्या झोपड्यांत वाढली. दर हिवाळ्यात घरात पाणी शिरायचं. आमच्या चर्चचं आवार भरलंय आणि नवी दफनभूमी खाली नदीलगत आहे, तिथे दोन हात खणलं की पाणी लागतं. तिला कोरड्या जागेत ठेवायचं आहे. मोठेपणाची हौस नाही. जरा लवकर बघाल तर बरं होईल.'

मोठेपणाची हौस नाही असं प्रत्येकजण लिहितो. मी सहा आठवडे लावले. खोगीरवाल्यापासून वर गिरणीच्या जॉन वेनलोपर्यंत, म्हणजे चौदाशे एकतीसपर्यंत, साखळी अगदी पक्की लागली. वरची एकच कडी राहिली. जॉन तर तेराव्या वर्षी मेलेला, मग हा गिरणीचा जॉन कोण? कुणीतरी कूळ असणार, जहागीरदाराचं नाव लावून मिरवणारं. मी तसं कळवलं. आपला दावा सिद्ध होत नाही. आपले पूर्वज प्रामाणिक गिरणीवाले होते, याचं समाधान मानावं. हे शेवटचं वाक्य मी माझ्या मनाने घातलं होतं.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढे मी ते प्रकरण जिल्ह्याच्या इतिहास मंडळाच्या वार्षिकात छापलं आणि दर हिवाळी व्याख्यानाला 'पिठातला सरदार' म्हणून सांगितलं. गावाचं नाव घेत असे. लोक पोट धरून हसत. एकोणीस हिवाळे.

मंगळवारी दुपारी मी ते दानपत्र खोटं ठरवायच्या मागे लागले. मोहर तपासली. साक्षीदार तपासले, एकेकाच्या मृत्यूची तारीख काढली. त्यातला एक जरी चौदाशे नऊच्या आधी मेलेला निघाला असता तर मी त्याचे उपकार मानले असते. सगळे ठणठणीत होते. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. स्कीटनी दुसरा आणून ठेवला, तोही राहिला.

"काय झालंय तुम्हाला? अंगात मुंग्या शिरल्यासारखं करताय."

"काही नाही. सदतीसची माझी वही घरी आहे. ती आणते."

"आत्ता? बाहेर पाऊस आहे."

"मग पावसातून आणते."

घर पंधरा मिनिटांवर. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरले, कारण वाटलं की नाही पाहिली तर बरं. मग परत घराकडे वळले. कोपऱ्यावरची फळवाली मला तिसऱ्यांदा जाताना बघून म्हणाली, "बाई, काही हरवलंय का?" मी चालतच राहिले. वही पलंगाखालच्या ट्रंकेत होती. उभ्या उभ्याच पानं उलटली आणि ज्याची भीती होती ते सापडलं. न्यायसभेच्या चौदाशे एकतीस सालच्या गुंडाळीतली ओळ मी उतरवून घेतली होती: 'गिरणीचा जॉन वेनलो, जॉन वेनलोचा भाऊ, हजर झाला.' आणि समोर समासात, माझ्याच अक्षरात: 'लेखनिक झोपेत. एकच नाव दोनदा लिहिलं.'

म्हणजे ते माझ्यापुढे आलं होतं. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या बिचाऱ्या लेखनिकाने मला स्पष्ट सांगितलं होतं की हे दोन भाऊ आहेत, आणि मी त्यालाच वेड्यात काढून पुढे गेले होते. मला इतका राग आला की मी वही फेकली आणि मग ती उचलून तिची वाकलेली पानं सरळ करत बसले. रडू आलं नाही. मला रडता येत नाही.

बुधवारी मी स्कीटना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत राहिले.

"चुकलात खऱ्या," ते म्हणाले. "पण एवढं काय? पुढच्या वार्षिकात चार ओळींची दुरुस्ती द्या. तळटीपेत. तळटीपा कोण वाचतं?"

"आणि तो माणूस?"

"कोण, खोगीरवाला? अहो, एकोणीस वर्षं झाली. असेल-नसेल."

"आहे. मी सकाळी पोस्टातून फोन करून विचारलं. ऐंशी पार झालाय, छातीचं दुखणं आहे, पण आहे."

स्कीटनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "एक सांगू का? रागावू नका. तुमच्या वेनलोंचं भुयार सोमवारी बुजवणार आहेत. चॅपलची जमीन खचतेय. दगडमाती भरून वर सिमेंट ओतायचंय. आमच्याकडे पत्र आलं होतं, जुने नकाशे मागायला. त्यात पाद्रीबुवांनी लिहिलंय की कुणाचाही हक्क शिल्लक नाही, सबब कुणाला विचारण्याची गरज नाही. आधार म्हणून तुमचा लेख जोडलाय."

"हे तुम्ही मला आत्ता सांगताय?"

"काल तुम्ही बसत कुठे होतात सांगायला!"

मग मला गणित मांडायची गरजच उरली नाही. मी काही बोलले नाही तर सोमवारी त्या माणसाची जागा दगडमातीने भरली जाणार आणि माझं नाव जिल्ह्यात होतं तसंच राहणार. बोलले तर काम थांबणार, त्याला मरण्याआधी त्याचं खरं नाव कळणार आणि दर हिवाळ्यात माझ्यापुढे हसणारी माणसं या वेळी माझ्यावर हसणार. दुसरा रस्ता बरोबर आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला ते ठरवायला बुधवारची अख्खी संध्याकाळ लागली, आणि मी ती खोलीत येरझाऱ्या घालून काढली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला काठी ठोकली तेव्हा थांबले.

गुरुवारी दहाच्या बसने निघाले. दानपत्राची माझ्या हाताने केलेली नक्कल पिशवीत होती. धीर होईना म्हणून एक थांबा आधीच उतरले आणि उरलेला दीड मैल चालत गेले. वाटेत तीनदा तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवलं. 'नव्याने उपलब्ध झालेल्या पुराव्याच्या आधारे' अशी सुरुवात होती. बरी वाटत होती.

दार त्यांच्या मुलीने, मेबलने उघडलं. पन्नाशीची, बाह्या वर केलेली, हाताला पीठ. मी नाव सांगितलं तशी ती पुरती दारात उभी राहिली.

"तुम्हीच होय त्या? माझी मुलं शाळेत मार खाऊन यायची. 'पिठातले सरदार आले' म्हणून. कुणाच्या तरी मामाने तुमचं व्याख्यान ऐकलेलं."

"मला तुमच्या वडिलांशी बोलायचंय."

"आता आणखी काय सिद्ध करायचं राहिलंय? आम्ही गिरणीवालेही नाही म्हणून?"

आतून आवाज आला, "मेबल, पोरी, कोण आहे ते आत तरी घे. दारात वारं येतंय."

कथबर्ट वेनलो खिडकीशी बसून एका मुलीच्या दप्तराचा पट्टा शिवत होते. गावात घोडे उरले नव्हते, तेव्हा आता दप्तरं. अंगाने खूप वाळलेले, पण सुई धरलेला हात हलत नव्हता. मला बसा म्हणाले. मी बसले नाही. बसले असते तर वाक्य विसरले असते. तरी विसरलेच. नव्याने उपलब्ध झालेला पुरावा वगैरे सगळं कुठल्या कुठे गेलं आणि मी म्हणाले, "मिस्टर वेनलो, मी चुकले. थॉमसला दोन मुलगे होते. दोघांचं नाव जॉन. तुम्ही धाकट्याचे."

त्यांनी सुई पट्ट्यात टोचून ठेवली.

"परत सांगा. हळू."

मी हळू सांगितलं. दोन बायका, दोन जॉन, सावत्र भावाला जमीन मिळत नाही म्हणून ती आत्याकडे गेली, पण बापाने त्याआधीच धाकट्याला गिरणी देऊन ठेवली होती. मंगळवारीच हाती आलेल्या त्या दानपत्राची नक्कल दाखवली. लॅटिन त्यांना येत नव्हतं, तरी त्यांनी जॉन कुठे आहे ते विचारलं आणि दोन्ही ठिकाणी बोट ठेवून पाहिलं.

"म्हणजे मी ह्यूच्या रक्ताचा."

"हो. अगदी सरळ रेषेत. आता त्यात कुणाला बोटही घालता येणार नाही."

"आणि एडिथ माझी बायको, म्हणजे तिचाही हक्क होता."

"होता."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं खोकला आहे. मेबल धावली तर त्यांनी तिला हाताने थांबवलं. ते हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मग मी तिच्याशी खोटं बोललो नाही," ते म्हणाले. "ऐकलंस का, मेबल? खोटं नव्हतं ते."

"काय खोटं नव्हतं, बाबा?"

"तुमचं पत्र आलं तेव्हा तिला चार दिवस राहिले होते," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "रोज विचारायची, त्या बाईंचं पत्र आलं का? त्या दिवशी मी पत्र खिशात घातलं आणि तिला म्हटलं, आलं. हो म्हणाल्यात. जागा मिळाली. तिने माझा हात दाबला आणि मग त्यानंतर ती कधी त्याबद्दल बोलली नाही. मस्त झोप लागायची तिला. आणि मग मी तिला खाली नदीकाठी नेऊन पुरलं. बायकोशी बेचाळीस वर्षांत एकदा खोटं बोललो ते हे. रविवारी फुलं घेऊन जातो, पण तोंड वर करून दगडाकडे बघत नाही. कधीच बघितलं नाही."

मेबल पाठमोरी उभी राहिली. हे तिलाही माहीत नसावं.

त्या क्षणी मला वाटलं की मी सुटले. नुसतं वाटलं नाही, मी चक्क खुर्चीवर बसले. तीन दिवसांत पहिल्यांदा अंग सैल पडलं. म्हाताऱ्याच्या जिवावरचं एक ओझं मी काढलं होतं, असं मनाशी म्हणायलासुद्धा सुरुवात केली होती. तेवढ्यात त्यांचं हसू थांबलं. ते जॉनच्या दुसऱ्या नावावर बोट तसंच ठेवून बसले होते.

"पण बाई," ते म्हणाले, "मग ती तिथे का आहे?"

 विचारण्याचा सूर अगदी साधा होता, त्यात टोमणा नव्हता.

"माझ्यामुळे," मी म्हणाले.

"दानपत्र नुकतंच सापडलं म्हणालात ना? मग तुमचा काय दोष?"

इथे मला वाट मिळत होती. त्यांनीच उघडून दिली होती. पेटी मंगळवारी आली, त्याआधी कुणाला कळणार होतं, असं म्हणून मी डोक्याला रुमाल बांधून पुढची बस पकडू शकले असते. पण त्या समासातल्या ओळीने मला दोन रात्री झोपू दिलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "दुसरा एक कागद तेव्हाच माझ्या हातात आला होता. त्यात 'जॉनचा भाऊ जॉन' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. मला वाटलं लिहिणाऱ्याने चूक केली. मला तसं वाटायला आवडलं. नीट बघितलं असतं तर त्या जायच्या चार दिवस आधी खरं पत्र आलं असतं."

मेबल वळली. "आवडलं?"

"हो."

"आणि हे तोंडावर सांगताय आम्हाला?"

"मग कुठे सांगू?"

 ती एप्रनला हात पुसत राहिली, हातावरचं पीठ गेलं तरी. मी घाईघाईने पुढचं सांगितलं. भुयार सोमवारी बुजवणार आहेत. आता हक्कदार जिवंत आहे, तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. मी आजच पाद्रींना दाखला सही करून देते. एक जागा शिल्लक आहे, दक्षिणेच्या खिडकीखाली, तिथे दगड हिवाळ्यातसुद्धा कोरडाच असतो.

"एकच?" कथबर्टनी विचारलं.

"एकच. पण चर्चच्या वरच्या लोकांकडे अर्ज केला तर एडिथबाईंनाही हलवता येईल. वेळ लागेल, पण येतं तसं करता."

"म्हणजे आईला उकरायचं?" मेबल म्हणाली.

"नाही," कथबर्ट म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "कोणी तिला हात लावायचा नाही. आणि मला ती जागाही नको. एकोणीस हिवाळे ती पाण्यात आहे, आणि मी जाऊन कोरड्यात झोपू? बुजवू देत त्यांना सोमवारी. सर ह्यूला म्हणावं, पाय पसरून झोप."

"मग मी तुमच्यासाठी काय करू?" मला खरंच कळेना. "वार्षिकात छापते. तुमचं नाव, सगळी वंशावळ, माझी चूक. व्याख्यानालाही सांगते."

"ते करा. मेबलच्या पोरांसाठी करा." त्यांनी काठी शोधली. "पण आधी माझ्याबरोबर चला खाली. मी तिला एकदा सांगितलंय. आता माझं ऐकून ती विश्वास ठेवायची नाही. तुम्ही सांगा."

मला असल्या गोष्टी सहन होत नाहीत. मेलेल्या माणसांशी माझा संबंध कागदावरचा, आणि तो मी तिथेच ठेवत आले. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. मेबलने त्यांना कोट चढवला, स्वतः रबरी बूट घातले आणि माझ्या शहरी बुटांकडे एकदा बघितलं.

दफनभूमी गल्लीच्या शेवटी, कुंपणाच्या दारातून आत. दोन दिवसांच्या पावसाने गवतात पाणी उभं होतं. दगडांच्या शेवटच्या दोन रांगा तर तळ्यातच होत्या. एडिथची रांग त्यांच्या आधीची. कथबर्ट दर पाच पावलांवर थांबून श्वास घेत होते. दगडापाशी पोचल्यावर त्यांनी टोपी काढली आणि मान वर केली.

"सांगा."

मी घसा खाकरला. "सर ह्यू वेनलो, त्यांचे पुत्र सर थॉमस, त्यांना दुसऱ्या पत्नीपासून झालेले..."

"ते नको. तिला ह्यूशी काही कर्तव्य नव्हतं."

"मग काय सांगू?"

"जागेचं सांगा."

मी खाली बघितलं. पाणी माझ्या बुटांच्या वर आलं होतं. "एडिथबाई," मी म्हणाले, "चॅपलमधली ती कोरडी जागा तुमची होती. तुमच्या नवऱ्याने तुम्हाला खरंच सांगितलं होतं. पत्र मी चुकीचं लिहिलं."

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. नदीवरून वारं येत होतं. मेबलने वडिलांच्या दंडाला धरलं होतं आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"जरा मोठ्याने," कथबर्ट म्हणाले. "शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

मी परत मोठ्याने सांगितलं.